२०१९ : किनाऱ्याला न शिवलेल्या वादळांचं वर्ष

दर्यावर्दी | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

परवा गावाहून, देवगडहून, चुलतभावाचा फोन होता. बोलता बोलता म्हणाला, "यंदा दर्या बरा आहे. १९ सालासारखं नको रे बाबा." फोन स्पीकरवर होता. मुलानं विचारलं, "१९ साली कुठलं वादळ आलं होतं? निसर्ग तर २० साली आलं, तौक्ते २१ ला."

मी उत्तर द्यायला गेलो आणि अडखळलो. कारण पोराचं बरोबर होतं. २०१९ साली कोकणात एकही चक्रीवादळ आलं नाही. तरी आमच्या घरात ते साल वादळाचं साल म्हणूनच बोललं जातं.

मग बसून त्या वर्षाची उजळणी केली. उत्तर हिंदी महासागरात, म्हणजे बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र धरून, त्या वर्षी ८ चक्रीवादळं झाली. पाबुक, फोनी, वायू, हिक्का, क्यार, महा, बुलबुल, पवन. त्यातली ५ अरबी समुद्रातली : वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. एरवी हिशेब उलटा असतो. बंगालच्या उपसागरात चार झाली तर आपल्याकडे एखादं. एका वर्षात पाच याआधी १९०२ साली नोंदली गेली होती. आणि आठांपैकी सहा वादळं 'अतितीव्र' किंवा त्याहून वरच्या वर्गात गेली.

आता गंमत बघा. अरबी समुद्रातल्या पाचपैकी वादळ म्हणून जमिनीवर गेली दोनच. हिक्का ओमानमध्ये, पवन सोमालियात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर शून्य. वायू गुजरातवर आदळणार म्हणून जवळजवळ तीन लाख माणसं हलवली, ते किनाऱ्याजवळून समुद्रात वळलं आणि चार दिवसांनी नुसता कमी दाबाचा पट्टा होऊन कच्छात पोचलं. महा गुजरातच्या दिशेनं परत फिरलं आणि दारात येऊन विरलं. क्यार तर निघालंच आपल्याकडून आणि गेलं सोमालियाकडे.

क्यारचंच सांगतो. त्या दिवाळीला मी गावी होतो. विधानसभेचा निकाल २४ ऑक्टोबरला लागला, पण देवगडात निकालावर बोलायला कुणाला सवड नव्हती. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागलेला. धनत्रयोदशीला, २५ तारखेला, क्यार रत्नागिरीपासून साधारण २०० किलोमीटरवर होतं. देवगड बंदर म्हणजे खाडीच्या आत वळून शिरलेलं, वादळात आसऱ्याला उत्तम. आमच्या बोटी होत्याच, वर परराज्यातले ट्रॉलर आत आले. इतके, की एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर पाय टाकत पलीकडे जाता आलं असतं. त्या रात्री आकाशकंदील एकही टिकला नाही, वाऱ्यानं सगळे फाडले. उजेड होता तो बोटींच्या दिव्यांचा.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ला, तेच क्यार 'महाचक्रीवादळ' झालं. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटरपर्यंत गेला. अरबी समुद्रात या वर्गाचं वादळ त्याआधी एकच झालेलं, २००७ चं गोनू. तोवर ते आमच्यापासून लांब गेलं होतं. टीव्हीवर सांगत होते, "धोका टळला."

आमच्या मळ्यातलं भात तेव्हा पाण्यात होतं. आधीच्या आठवड्यात कापून आडवं घातलेलं, उडवी रचायची राहिली होती. भाऊबिजेला बघितलं तर लोंब्यांना कोंब आलेले.

त्या वर्षीच्या तुमच्या आठवणी लिहा. किनाऱ्यावरच्याच हव्यात असं नाही.

---

गंजी_आणि_गुंठा | १२ ऑक्टोबर, रात्री ११:०२

हिंगोली जिल्हा. समुद्र इथून किती लांब ते मोजायला जाऊ नका, मी वयाच्या तिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला.

त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेईना. सोयाबीन काढून शेतात ढीग घातले होते, मळणीयंत्राचा नंबर लागायची वाट बघत होतो. दिवाळीच्या आधीपासून जो पाऊस धरला तो नोव्हेंबर उजाडला तरी चालूच. ताडपत्री वरून झाकते हो, खालून येणाऱ्या पाण्याचं काय करणार? ढिगात हात घातला की गरम वाफ यायची आणि शेंगा बुरशीनं काळ्या. उभ्या पिकाला शेंगेतच कोंब. कापसाची बोंडं झाडावर सडली.

विम्याची गोष्ट वेगळीच. कापून ठेवलेल्या पिकाचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचं असा नियम. आता हा पाऊस एका दिवसाचा नव्हता, मग ७२ तास कधीपासून धरायचे? आमच्या विमा कंपनीच्या फोनवर गाणं वाजायचं. मी सलग दोन दिवस ते गाणं ऐकलं. तिसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन कागद दिला तर म्हणाले, उशीर झाला.

सरकारी मदत खरिपाला हेक्टरी ८,००० जाहीर झाली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. राष्ट्रपती राजवट होती, राज्यपालांनी जाहीर केली. आमच्या पारावर त्याचा हिशेब लगेच झाला : गुंठ्याला ८० रुपये. ढिगावर टाकलेल्या ताडपत्रीचं भाडंसुद्धा त्यात निघत नव्हतं.

तेव्हा आम्हाला 'क्यार' हा शब्द माहीत नव्हता. परतीचा पाऊस म्हणायचो.

---

अंबट_गोड_सटाणा | १२ ऑक्टोबर, रात्री ११:३०

+१. बागलाण. आमच्याकडे अर्ली द्राक्षं, म्हणजे त्या दिवसांत घड मण्यात पाणी उतरायच्या बेतात. डाऊनी बुरशीनं गेले ते गेले, उरलेल्यांचे मणी तडकले. रोज फवारणी, आणि फवारणी केली की तासाभरात पाऊस. औषधाच्या दुकानाची उधारी पुढच्या दोन हंगामांत फिटली.

बाकी लिहीत नाही.

---

उंटावरचा_शहाणा | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:४८

लेख आवडला, पण दोन शंका आहेत. (सकाळीच पिन मारायला आलो, क्षमस्व.)

एक, १९०२ शी तुलना कशाला? तेव्हा उपग्रह नव्हते. जहाजांच्या नोंदीत जे वादळ सापडलं ते मोजलं. भर समुद्रात जन्मून तिथेच मेलेली किती असतील कोण जाणे. क्यारसारखं वादळ १९०२ साली झालं असतं तर ते मोजलं गेलं असतं का?

दोन, अवकाळी पाऊस क्यारमुळेच हे कशावरून? त्या वर्षी मोसमी पाऊसच उशिरा गेला. सगळं खापर वादळांवर फोडणं सोपं आहे.

---

दर्यावर्दी | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

पहिली शंका मान्य. 'विक्रम' हा शब्द म्हणूनच टाळला होता.

दुसऱ्याबद्दल : मोसमी पाऊस उशिरा गेला हे खरंच. राजस्थानातून परतीला सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली, तोवरच्या नोंदीत इतका उशीर कधी झाला नव्हता. म्हणजे जमीन आधीच भिजलेली होती. त्यावर क्यार, त्याच्या पाठोपाठ महा. हिंगोलीतल्या प्रत्येक थेंबावर कुणाचं नाव होतं ते मला सांगता येणार नाही. पण सागरी वादळ मोठं असतं, त्याच्या डोळ्याचा, म्हणजे केंद्राचा, पत्ता आणि त्याच्या ढगांचा पत्ता एक नसतो. जाणकार असतील तर लिहा.

---

मिलिबार | १३ ऑक्टोबर, दुपारी १:२५

जाणकार नाही, हौशी आहे. नकाशे बघायचं व्यसन. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

२०१९ चा खरा सूत्रधार समुद्राचं पाणी होतं. हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूचा भाग नेहमीपेक्षा गरम आणि पूर्वेकडचा, सुमात्रा-जावाच्या बाजूचा थंड, असं झालं की त्याला हिंदी महासागराचा द्विध्रुव धन झाला म्हणतात. इंग्रजीत इंडियन ओशन डायपोल. २०१९ चा धन द्विध्रुव नोंदींतल्या सर्वांत जोरदारांपैकी एक. गरम बाजूला ढग, थंड बाजूला कोरड. त्याच वर्षअखेरीला पूर्व आफ्रिकेत पूर आले आणि ऑस्ट्रेलियात वणवे पेटले, त्यातही याचा हात होता.

चक्रीवादळाला साधारण २६.५ अंशांच्या वर तापलेलं पाणी लागतं. अरबी समुद्रात ते अनेकदा असतं, मग एरवी वादळं कमी का? कारण अरबस्तानातून येणारी कोरडी हवा, आणि वरच्या थरातला वारा व खालच्या थरातला वारा यांची दिशा-वेग वेगळे असणं. वादळ हा उभा खांब समजा. पायथा एकीकडे आणि डोकं दुसरीकडे ओढलं गेलं की खांब कलंडतो. जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी वारे हेच करतात, म्हणून ऐन पावसाळ्यात आपल्याकडे चक्रीवादळ जवळपास होतच नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, अशा दोन खिडक्या उघडतात. त्या वर्षी दुसऱ्या खिडकीत पाणीही गरम होतं आणि वाराही आडवा आला नाही. क्यार जिवंत असतानाच लक्षद्वीपजवळ महा तयार झालं. अरबी समुद्रात एकाच वेळी दोन वादळं हे फार क्वचित दिसतं. मी तो उपग्रहाचा फोटो अजून जपून ठेवलाय.

शहाणेसाहेबांच्या शंकेवर : क्यार निघालं तेव्हा किनाऱ्यालगतच होतं, त्यामुळे कोकण-गोव्यातल्या २४-२५ च्या पावसाचा त्याच्याशी थेट संबंध. मराठवाड्याच्या आत गेलं की एकाच वादळाकडे बोट दाखवता येत नाही. पण दमट वारा आत ओढला जात होता, हे नकाशावर स्पष्ट दिसायचं.

वायूचा उलटा परिणाम झाला, तो विसरू नका. मोसमी पाऊस केरळात पोचला ८ जूनला, लगेच वायू तयार झालं आणि सगळी वाफ स्वतःकडे ओढून घेऊन गेलं. मुंबईत पाऊस यायला २५ जून उजाडला. एक वादळ पाऊस अडवतं, दुसरं लांबवतं. आणि हे सगळं होऊन मोसमी पावसाची सरासरी भरली किती? ११० टक्के! सरासरीचा आकडा हा मोठा लबाड प्राणी आहे.

---

कंगवा | १३ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

इथे हे नाव घेतलंय त्याचं कारण याच धाग्यात सांगायला मिळतंय!

मे २०१९ मध्ये मी भुवनेश्वरला नोकरीला होतो. वादळाचं नाव बांगलादेशानं दिलेलं, इंग्रजी स्पेलिंग वाचून हिंदी वाहिन्या 'फानी' म्हणायच्या. बंगालीत ते फणी, उच्चार फोनी, अर्थ फणा काढणारा साप. आईला फोनवर सांगितलं, "फणी येतंय." ती म्हणाली, "अरे घरात दोन आहेत, आता कशाला घेतलीस?"

३ मेच्या सकाळी पुरीजवळ धडकलं. वारा ताशी १७५ ते १८०. आम्ही पुरीपासून साठेक किलोमीटर आत, तरी चौथ्या मजल्यावरची खिडकी चौकटीसकट आत आली. मी आणि शेजारचे मोहंतीकाका गादी लावून दारामागे बसलो होतो. आवाज वर्णन करता येत नाही. लोकल बोगद्यात शिरते तसा, फक्त ती बाहेर पडतच नाही.

दुपारी शांत झाल्यावर खाली उतरलो तर शहर ओळखू येईना. झाडंच नव्हती. हिरवंगार भुवनेश्वर बोडकं झालं होतं. पुढं आठवडाभर वीज नाही, मोबाइल नाही, एटीएम नाही. मे महिन्याचा उकाडा.

पण एक सांगायलाच हवं. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली होती. फोनीच्या आधी राज्यानं जवळपास १२ लाख लोक हलवले. ओडिशात मृत्यू झाले ६४. चौसष्टही कमी नाहीत, पण मोहंतीकाका ९९ साली जगतसिंहपूरला होते. ते त्या दिवशी गादीमागे बसून शांतपणे पान लावत होते. म्हणाले, "तेव्हा कुणी सांगायला आलं नव्हतं. या वेळी चारदा येऊन गेले."

---

मस्कतवासी | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

ओमानमधून हजेरी. हिक्का सप्टेंबरअखेरीला दुक्मच्या बाजूला आलं. मस्कतपासून ते फार दक्षिणेला, आमच्याकडे ऊन. नावावरून मात्र हसून हसून पुरेवाट. आमच्या ग्रुपमधल्या वैद्यबाईंनी सुंठ-मधाचा काढा सुचवला होता, आयुर्वेदात हिक्का म्हणजे उचकी! (नाव मालदीवचं, त्यांच्या भाषेत अर्थ वेगळा असणार.)

क्यारच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. इथले जुने लोक 'गोनू' म्हटलं की अजून आवाज खाली आणतात. २००७ च्या जूनमध्ये कोरड्या वाद्यांतून, म्हणजे एरवी सुक्या असणाऱ्या ओढ्यांतून, पाणी आलं आणि रस्तेच्या रस्ते घेऊन गेलं. क्यार तेवढ्याच ताकदीचं, तोंड आमच्याकडे. चार दिवस दुकानांतून पाण्याच्या बाटल्या गायब. मग ते दक्षिणेला वळलं. पण लाटा आल्याच. इकडे किनाऱ्याचे रस्ते पाण्यात, अमिरातींत कल्बा-फुजैराला पाणी घरांत, तिकडे कराचीच्या किनारी वस्त्यांतही. आकाश निरभ्र आणि समुद्र रस्त्यावर. हे दृश्य जास्त भीतीदायक वाटतं, कारण डोळ्यांना कारण दिसत नाही.

---

देवबागचो_माड | १३ ऑक्टोबर, रात्री ८:२२

मस्कतवासी, बरोबर बोललात. आमच्या देवबागाक एका बाजून दर्या, दुसऱ्या बाजून कर्लीची खाडी, मधी चिंचोळी पट्टी. त्या दिवशी पाणी खयच्या बाजून येता ताच कळा नाय. आये देवासमोरची रांगोळी काढी होती, उंबऱ्यावरसून पाणी इला ता थेट रांगोळेर. चुलीकडचा फराळाचा डबा माळ्यार टाकलो आणि शेजाऱ्याकडे गेलाव.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याक इलेले साहेब म्हणाले, वादळ तर इलाच नाय.

---

शेवतें | १३ ऑक्टोबर, रात्री ८:५०

पणजी. आमच्याकडची त्या आठवड्याची आठवण म्हणजे 'नू शी नलिनी'. नॅफ्था, म्हणजे चटकन पेट घेणारं खनिज तेल, भरलेलं, माणूस नसलेलं जहाज. मुरगाव बंदराबाहेर नांगरलेलं, २४ ऑक्टोबरला वाऱ्यानं सुटलं आणि वाहत येऊन दोनापावलाला राजभवनाच्या पायथ्याशी खडकांवर बसलं. पुढचे कित्येक दिवस गोव्यात दुसरा विषय नव्हता. लोक संध्याकाळी मुलांना घेऊन बघायला जायचे. नॅफ्था म्हणजे काय ते माहीत असलेले मात्र लांबूनच बघायचे.

---

टवाळ_टेकडी | १३ ऑक्टोबर, रात्री ९:१५

गंभीर धाग्यात अवांतर. २०१९ चा सगळ्यात मोठा गोंधळ 'महा'नं घातला. पेपरात मथळा 'महा चक्रीवादळ'. वाचणाऱ्याला वाटायचं हेच ते भयंकर मोठं. प्रत्यक्षात महाचक्रीवादळ होतं क्यार, आणि महा हे नुसतं महा. एका जागेच्या फरकानं वाऱ्याचा वेग बदलतो अशी भाषा जगात दुसरी नसावी. त्यात मुंबईत तेव्हा महायुती मोडत होती आणि महाआघाडी जुळत होती. आमच्या आजोबांना शेवटपर्यंत वाटत होतं की टीव्हीवाले राजकारणाबद्दलच बोलताहेत.

७ नोव्हेंबरला राजकोटचा बांगलादेशविरुद्धचा टी-ट्वेंटी सामना महामुळे होणार नाही म्हणत होते. झाला. रोहित शर्मा ८५. वादळ तेच.

---

मिलिबार | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

टेकडी, महा ओमाननं दिलेलं नाव. अरबीत ती रानातली एक हरणासारखी गाय. क्यार म्यानमारचं, अर्थ वाघ. म्हणजे त्या दिवाळीत अरबी समुद्रात वाघ पुढे आणि गाय मागे होती. २००४ मध्ये आठ देशांनी प्रत्येकी आठ अशी ६४ नावं दिली होती, त्यातलं शेवटचं अम्फान २०२० मध्ये वापरलं. निसर्ग हे १६९ नावांच्या नव्या यादीतलं पहिलं.

बुलबुलबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून दोन ओळी. ते मुळात दक्षिण चीन समुद्रातलं मात्मो नावाचं वादळ. व्हिएतनामवर आदळून मोडलं, उरलेसुरले ढग जमीन ओलांडून अंदमानच्या समुद्रात आले आणि तिथं परत उभे राहिले. ९ नोव्हेंबरला सुंदरबनात गेलं. पाबुकही जानेवारीत असंच थायलंड ओलांडून आलेलं. वर्षाची सुरुवात पाहुण्यानं केली.

---

संत्रीवाला | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

काटोल, जि. नागपूर. तुम्ही सगळे पाऊस-पाण्याचं लिहिता, आमच्याकडे २०१९ चं बिल मे २०२० मध्ये आलं. टोळधाड. अमरावतीकडून मोर्शी-वरूड करत आमच्याकडे. थाळ्या वाजवल्या, ट्रॅक्टरचे सायलेन्सर काढून फिरवले. (लॉकडाऊनमध्ये थाळ्या आधी एकदा वाजवून झाल्या होत्या, सराव होता.)

नंतर वाचलं की त्याची सुरुवात २०१८ मधल्या मेकुनू आणि लुबान या वादळांत होती. त्यांनी अरबस्तानाच्या वाळवंटात पाण्याची तळी केली, तिथं कुणाचं लक्ष नसताना टोळ वाढले. मग २०१९ च्या डिसेंबरमधलं पवन सोमालियात पाऊस पाडून गेलं आणि तिथंही त्यांना ओली वाळू मिळाली. दर्यावर्दींच्या यादीत शेवटचं, कुणाच्या लक्षातही नसलेलं वादळ, ते आमच्या बागेपर्यंत असं आलं.

---

उंटावरचा_शहाणा | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

माझी दुसरी शंका अर्धी मागे घेतो. अर्धी ठेवतो, सवय आहे.

वायूचं एक राहिलं. १२ जूनला ते मुंबईपासून दूर समुद्रात होतं, तरी त्या दिवशीच्या वाऱ्यात चर्चगेट स्थानकाच्या भिंतीवरचं आवरण खाली पडलं आणि रस्त्यानं जाणारा एक माणूस गेला. मी तेव्हा समोरच्याच इमारतीत कामाला होतो.

दर्यावर्दी, त्या परराज्यातल्या बोटी देवगडात किती दिवस राहिल्या?

---

दर्यावर्दी | १४ ऑक्टोबर, रात्री ९:५५

भावाला विचारलं. क्यार लांब गेल्यावर बऱ्याच निघाल्या, महाचा बावटा लागला तशा काही परत आल्या. तोवर ओळखी झाल्या होत्या. भाषा कुणाला कुणाची येत नव्हती, पण जाळ्याला आणि इंजिनाला सगळीकडे साधारण तीच नावं. आमच्या काकीनं एका बोटीवर चकल्या पाठवल्या, तिकडून सुकी मासळी आली. काकी नाक मुरडून म्हणाली, "आमका सुकी मासळी पाठवतत!"

त्यातली एक बोट घाईत निघाली तेव्हा नांगर खाली कशात तरी अडकला. दोर तोडून गेले. मार्चमध्ये भावानं डुबी मारून तो काढला. न्यायला कुणी आलं नाही, मग लॉकडाऊन लागला. अजून आमच्या खळ्यात आहे. काकी त्यावर आमसुलं वाळवायचं फडकं बांधते.